फोर्क तलावावरचा एक दिवस



संयोजकांनी 'अमेरिकेतले अनुभव' सांगायला सांगितलं आहे आणि पाच मिनिटं दिली आहेत. म्हणून एकच दिवस सांगतो.

गेल्या जानेवारीत आपला गोलकीपर लेकीकडे डॅलसला आला होता. मी तिथेच असतो, आपला तबलजीही. तिघांनी मासे धरायला जायचं ठरवलं. डॅलसच्या पूर्वेला, गाडीनं दीड तासावर फोर्क तलाव आहे. धरण १९८० सालचं. माशांना आसरा म्हणून पाण्यात बुडालेली झाडं तशीच उभी ठेवली आहेत. टेक्सासमधला विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा, इथेच १९९२ च्या जानेवारीत सापडला. म्हणून आम्हीही जानेवारी धरला. थंडीचा विचार कोणी केला नाही!

बास हा गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा, भल्या मोठ्या तोंडाचा मासा. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, मग तो आमिषामागे धावत नाही. खोल पाण्यात गप्प राहतो. गळ तळाशी सोडायचा आणि जवळजवळ हलवायचाच नाही. मासा लागला तरी हिसका बसत नाही, दोरी नुसती जड होते. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या गोलकीपरला हे काही पटेना. चार तासांत कुणालाच काही लागलं नाही. तबलजी तर थर्मासमधला चहा संपवून झोपला.

नावेतल्या यंत्रावर पाण्याचं तापमान दिसत होतं, ४७ फॅरनहाइट. म्हणजे आठ सेल्सिअसच्या आसपास.

"मग तळाला चार असंल की रं," गोलकीपर म्हणाला. "होपचं उपकरण!"

मी म्हणालो, "इथं एवढी थंडी नसते रे. वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, सगळा तलाव सारखाच गार होत जातो. उलटा खेळ चारच्या खाली."

आणि मग माझी बोलती बंद झाली. होपच्या उपकरणाला दोन थर्मामीटर असतात, एक वर, एक खाली. सर, दहावीत आपल्या प्रयोगशाळेतला खालचा फुटला होता, आठवतं? गोलकीपर जवळ उभा होता आणि खिडक्या फोडण्यात त्याचं नाव आधीच झालेलं, म्हणून आळ त्याच्यावर आला. त्याच्या वडिलांनी भरपाई भरली, घरी त्याला बडवलं आणि शनिवारची तालुक्याची मॅच खेळू दिली नाही.

तो थर्मामीटर मी फोडला होता. नावेत मी त्याला ते सांगितलं.

दोरीवरची नजर न काढता तो म्हणाला, "म्हाईत हाय. तू हात खिशात घातलास तवाच कळलं हुतं."

तेवढ्यात त्याची दोरी जड झाली. बास वर आला, मोजला, १९ इंच. तिथे १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, लगेच सोडावा लागतो. गोलकीपरनं तव्याची आठवण काढून दोन शिव्या हासडल्या. मग मासा पाण्यात धरून ठेवला, तो आपणहून निसटेपर्यंत. हात पुसत म्हणाला, "माझ्या बापाला तेवढं सांगाय पायजे हुतंस."

त्याचे वडील आता नाहीत. सर, तुम्ही आहात, म्हणून तुमच्यासमोर सांगतो. थर्मामीटर मी फोडला. गोलकीपर तिसऱ्या रांगेत बसला आहे, मघापासून मला हातानं 'गप बस' म्हणून खुणावतोय.