सूर्यावरचें वादळ आणि अलीबागची सुई
(आमच्या गांवीं चावडीपुढें झालेलें भाषण)



सन २०२४ च्या मे महिन्यांत आपल्या गांवांत काय झालें तें आपणांस आठवत असेलच. ता. १० च्या रात्रीं सूर्यावरचें वादळ पृथ्वीवर येऊन आदळलें, तिकडे लडाखांत हानले येथें आकाश तांबडें झालें, आणि तें चित्र मोबाइलवरून आपल्या घरोघर आलें. चित्र खरें होतें. पण त्याच्या पाठोपाठ आलेला मजकूर खोटा होता. सूर्याचा कोप झाला आहे, फोन उशाशीं ठेवूं नका, गरोदर बाईनें उंबऱ्याबाहेर पाऊल टाकूं नये! आठवडाभरांत एक गृहस्थ तांब्याचे पत्रे घेऊन आले आणि शांत म्हणून घरटीं पांचशें एक रुपये घेऊन गेले. आपल्या सुतारबाबांच्या सुनेस तेव्हां पांचवा महिना होता. त्यांनीं रंधा घ्यावयास ठेवलेले पैसे काढून दिले. आम्ही गांवांतच होतों आणि वेळेवर बोललों नाहीं. तें बोलणें आज करावयास उभे आहों.

लोहारदादांनीं कानशीचा कीस दिला आहे. बिघडलेल्या कर्ण्यांतला हा लोहचुंबक. त्यावर कागद धरून कीस भुरभुरला. पाहा, कीस कसा ओळींनीं उभा राहिला! एका टोकांतून निघून दुसऱ्या टोकांत शिरणाऱ्या या ओळी चुंबकानें आंखल्या, कीस फक्त त्या दाखवितो. पृथ्वी हा असाच एक प्रचंड चुंबक आहे, आणि तिच्याही ओळी तिच्याभोंवतीं हजारों कोस पसरल्या आहेत.

आतां सूर्याकडे वळूं. तेथें उष्णता एवढी कीं वायूचे अणु फुटून त्यांचे विजेचे भार वेगळे होतात. अशा वायूस प्लाझ्मा म्हणतात. वेल्डिंगच्या कामठ्यापुढें जो लखलखाट दिसतो तोही प्लाझ्माच. सूर्यावरून हा विजेनें भारलेला वायु रात्रंदिवस वाहत असतो. त्याचा वेग सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर, आणि वाट १५ कोटी किलोमीटरांची. सूर्याचा प्रकाश आठ मिनिटांत पोंचतो, या वाऱ्यास चार दिवस लागतात.

पृथ्वीचा चुंबक त्यास बाजूस सारतो. ओढ्यांतल्या धोंड्यावर पाणी येऊन दोहों अंगांनीं जातें ना, तसें. सूर्याकडच्या बाजूस हा चुंबकी बांध सुमारें पासष्ट हजार किलोमीटरांवर दाबलेला असतो आणि मागच्या बाजूस त्याची शेपटी चंद्राच्याही पलीकडे गेलेली असते.

सूर्यावर डाग पडतात, ते साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यानें वाढतात व घटतात. डागापाशीं चुंबकाच्या ओळी पिळलेल्या असतात. सुंभाला फार पीळ दिला म्हणजे तो उसळतो, तशा त्या उसळून अब्जावधि टन प्लाझ्मा भिरकावून देतात. पण असा प्रत्येक लोट पृथ्वीस बाधत नाहीं. तो आपला चुंबक बरोबर घेऊन येतो. त्याची दिशा आपल्या चुंबकासारखीच असली तर बहुतेक मारा बाहेरूनच निघून जातो. उलट असली, म्हणजे दक्षिणेकडे, तर दोहोंच्या ओळी तुटून एकमेकींस जोडल्या जातात आणि बांध फुटतो. मग आंत शिरलेले कण पृथ्वीभोंवतीं कडें करून फिरूं लागतात. त्या कड्याचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकाविरुद्ध ओढतो, म्हणून मुंबईकडची सुई खालीं येते. उत्तर-दक्षिण ध्रुवांकडे कण हवेंत उतरतात, उंचावरच्या प्राणवायूवर आदळतात आणि तांबडा उजेड पडतो. कोपाचें नांव यांत कोठेंच नाहीं.

हें आजचें नव्हे. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंगटन सूर्याचे डाग कागदावर उतरवीत असतां त्यांस डागांवर पांढरा लखलखाट दिसला. साडेसतरा तासांच्या सुमारास वादळ पृथ्वीवर आलें. अमेरिकेंत बॅटरी सोडून नुसत्या वादळाच्या विजेवर तारा गेल्या. त्या वेळीं मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत टांगलेला चुंबक माणसें डोळ्यांनीं पाहून आंकडे लिहीत. एरवीं तासातासाला, पण त्या दिवशीं दर पांच-पंधरा मिनिटांनीं त्यांनीं आंकडा मांडला. रुपयांत चार पैसे एवढा पृथ्वीचा चुंबक तेथें उतरला. आज साऱ्या जगांतले शास्त्रज्ञ त्या महावादळाचें माप काढतात तें कुलाब्याच्या त्या वहीवरून. ज्यांनीं शांत केली असेल त्यांचें कांहीं उरलें नाहीं, ज्यांनीं आंकडा लिहिला त्यांचें उरलें. पुढें ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीं तर मुंबईच्या आकाशांतही ही प्रभा दिसली.

मग मुंबईंत विजेची ट्राम येणार असें ठरलें. विजेच्या तारांजवळ चुंबकाची सुई खोटें बोलते! म्हणून मूस साहेबांनीं नवी वेधशाळा अलीबागेस उभारली. तिचें काम १९०४ सालीं सुरू झालें आणि दोन वर्षें दोहींकडे बरोबरीनें मोजून आंकडे जुळवून घेतले. ती आजही चालू आहे.

आतां बाधा कोणास? आपल्या डोक्यावरच्या हवेचें ओझें दहा मीटर खोल पाण्याएवढें आहे, तें भेदून हे कण अंगणांत येत नाहींत. पोटांतल्या मुलास त्यांचें भय नाहीं, उशाच्या फोनासही नाहीं. बाधा यंत्रांस होते. १३ मार्च १८८९ नव्हे, १९८९ (जीभ घसरली, क्षमा असावी), कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत वादळामुळें लांबलचक तारांत वीज भरली आणि साठ लाख लोक सुमारें नऊ तास अंधारांत बसले. मे २०२४ मध्यें अमेरिकेचे शेतकरी मका पेरीत होते, त्यांचे उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर ओळ चुकूं लागले.

यांत आपला काय संबंध, असें म्हणाल. तर ऐका. हल्लीं जमिनीची मोजणी रोव्हर यंत्रानें होते, तेंही उपग्रहांकडूनच जागा विचारतें. तो संदेश वरच्या हवेंतल्या विजेच्या थरांतून येतो, आणि वादळांत तो थर ढवळून निघतो. आपल्याकडे बांधाच्या हातभर जागेवरून भाऊभाऊ कोर्टांत जातात. मोजणीच्या दिवशीं यंत्राचा आंकडा स्थिर होत नसेल तर मोजणीदारास अदबीनें सांगा कीं, दादा, खुणा आज रोवूं नका, पुन्हां मोजा. तो हक्क आपला आहे.

आणि वादळाची वर्दी आधीं मिळते. आपल्या देशाचें आदित्य-एल१ हें यान २ सप्टेंबर २०२३ रोजीं सुटलें, तें सूर्याच्या दिशेस १५ लाख किलोमीटरांवर राखणीस आहे. सूर्याची छबी टिपणारी त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेंत घडली. वारा यानावरून पुढें पृथ्वीपर्यंत यावयास तासभर लागतो. तांब्याच्या पत्र्यास ही वर्दी मिळत नाहीं.

हा कागद आतां फिरवितों. आधीं सुतारबाबांच्या घरच्यांकडे द्या. जपून धरा, त्यांचा नातू कीस तोंडांत घालावयास पाहतो आहे.