रोपांचा उजेड आणि माणसांची झोप

(दोहा येथील मराठी मित्रमंडळींच्या बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय वरवर पाहता छंदाचा आहे. खोलीत भाजी वाढवायची असेल तर एलईडी दिवा कोणता घ्यावा? हा प्रश्न मला आपल्यापैकी कोणी विचारला नाही. तो इंडस्ट्रियल एरियातल्या एका कॅम्पमध्ये विचारला गेला. विजेच्या देखभालीच्या कामामुळे माझे तिथे नेहमी जाणे असते. नावाऐवजी नंबरांनी ओळखले जाणारे रस्ते, गॅरेजेस, गोदामे, आणि त्यांच्या मधोमध कामगारांची वस्ती. मार्च २०२० मध्ये करोनामुळे यातल्याच १ ते ३२ नंबरच्या रस्त्यांचा भाग बंद करण्यात आला होता, हे आपल्याला आठवत असेल.

त्या कॅम्पमध्ये लातूर-नांदेडकडची काही मंडळी आहेत, बाकी तेलंगणाची आणि नेपाळची. मेथी आणि कोथिंबीर ट्रेमध्ये लावावी असे त्यांच्या मनात आले. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा गच्चीवर कोवळे रोप टिकत नाही. खोलीची खिडकी उष्णता अडवण्यासाठी चकचकीत कागदाने झाकलेली असते. म्हणजे ज्या देशात उन्हाला तोटा नाही, तिथे मेथीसाठी दिवा शोधायचा! एकाने विचारले, "साहेब, झाडांना तो गुलाबी दिवाच लागतो ना?"

याचे उत्तर तीन भागांत देतो: उजेड किती, कोणत्या रंगाचा आणि कुठे.

आधी किती. आपला डोळा इथे फार फसवतो. ३०० लक्सची खोली आपल्याला लख्ख वाटते, पण रोपाच्या हिशेबाने तो जवळजवळ अंधार असतो. रोप प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, मोजते. दर सेकंदाला एका चौरस मीटरवर ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, हे त्याचे माप. साध्या पांढऱ्या एलईडीसाठी सोपा अंदाज असा, की लक्सला ७० ने भागावे. ३०० लक्सचे झाले जेमतेम ४. दुपारच्या कडक उन्हात हाच आकडा २००० च्या घरात असतो. कोवळ्या पालेभाजीला १०० ते १५० मिळाले तरी दिवसाचे १४ तास दिवा ठेवून चांगले भागते. टोमॅटो-मिरचीला याच्या कितीतरी पट लागते, तेव्हा त्यांचा नाद सोडावा.

चार फूट बाय दोन फुटांच्या फळीवर २० वॅटच्या चार साध्या एलईडी ट्यूब एक फुटाच्या आत लावल्या, तर साधारण १२० मायक्रोमोल मिळतात. खर्च ८० वॅट. १४ तासांचे सव्वा युनिटच्या आत, महिन्याला ३४ युनिटे. शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ती बाहेर काढायला एसीला आणखी वीज लागते. ते धरून ४५ युनिटे म्हणा. कतारमध्ये २०२२ साली अल खरसाह येथे ८०० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, तरी इथली बरीचशी वीज अजून नैसर्गिक वायूचीच आहे. म्हणून एका फळीचे समर्थन मी करीन. खोलीभर शेतीचे करणार नाही.

आता रंग. गुलाबी दिव्यामागची समजूत अशी, की झाडाला फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो, हिरवा ते परत फेकते. पानातून हरितद्रव्य काढून द्रावणात तपासले तर आलेख खरोखर तसा दिसतो. पण पान म्हणजे द्रावण नव्हे. १९७२ साली कीथ मॅक्री यांनी २२ जातींच्या वनस्पतींच्या पानांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण मोजले. हिरव्या प्रकाशावरही पाने उत्तम काम करतात असे दिसले. शिवाय हिरवा प्रकाश पानात खोलवर पोचतो.

मग लाल-निळे दिवे आले कुठून? लाल फोटॉनला ऊर्जा कमी लागते, निळ्याला साधारण दीडपट. तेव्हा तेवढ्याच विजेत लाल फोटॉन जास्त मिळतात, म्हणून मोठ्या शेतीघरांत ६६० नॅनोमीटरचा लाल वापरणे शहाणपणाचे ठरते. निळ्यामुळे रोप बुटके आणि दणकट राहते. यात चमत्कार नाही, हिशेब आहे. साधी पांढरी ट्यूबही मुळात निळ्या एलईडीवर पिवळसर लेप देऊनच बनते. निळा, हिरवा आणि लाल तिन्ही तिच्यात असतात. गुलाबी उजेडात पानावरचा पिवळेपणा किंवा कीड ओळखू येत नाही, हा तोटा वेगळाच. आणि खोक्यावर "१००० वॅट" छापलेला दिवा मीटर लावून पाहिला, तर बरेचदा शे-दीडशे वॅटच घेतो. देव्हाऱ्यातला अंगारा आणि खोक्यावरचा आकडा, दोन्ही तपासूनच घ्यावेत!

तेव्हा माझी शिफारस साधी होती: ४००० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूब, नेहमीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या. उष्णतेत आधी ड्रायव्हर जळतो, म्हणून मागे हवा खेळती ठेवावी. धूळ दर आठवड्याला पुसावी. आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर फळी, केटल आणि मोबाइलचे चार्जर कदापि लावू नयेत.

राहिले कुठे. खरा वाद इथे झाला. मेथीवाल्यांना फळी आपल्या खाटेशेजारी हवी होती. दुमजली खाटांच्या खोलीत पडद्यामागची तेवढीच जागा माणसाची स्वतःची असते. तिथे चार हिरवी पाने असावीत असे वाटणे मी समजू शकतो. पण त्याच खोलीत रात्रपाळीची माणसे दिवसा झोपतात. आपल्या डोळ्यात ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या खास पेशी असतात. त्या मेंदूला "दिवस आहे" असे कळवतात आणि झोप आणणारे मेलाटोनिन दबते. रोपाला हवा असलेला १४ तासांचा उजेड शेजाऱ्याची झोप मोडतो. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "भाऊ, मेथी मी विकत घेईन, झोप कुठून विकत आणू?" परांचीवर चढणाऱ्या माणसाची अपुरी झोप म्हणजे अपघाताला आमंत्रण.

म्हणून फळी मेसमध्ये लागली, टायमरवर, पहाटे ५ ते संध्याकाळी ७. कोथिंबीर लांब दिवसाने आणि उष्णतेने लवकर फुलावर येते, म्हणून ती कोवळीच काढतात. पहिल्या मेथीची भाजी सगळ्यांच्या ताटात थोडी थोडी आली. पोट भरण्याइतकी ती कधीच नसते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण अशा कॅम्पांचे नकाशे काढतात, वीजभार मंजूर करतात, सुरक्षिततेच्या कागदांवर सह्या करतात. मी देणगी मागायला उभा नाही. पुढच्या नकाशात मेसच्या भिंतीला एक फळी आणि तिच्यासाठी वेगळे सर्किट दाखवा. झोपायच्या खोलीत प्रत्येक खाटेला स्वतःचा मंद, पिवळसर दिवा आणि उजेड अडवणारा जाड पडदा लिहा. प्रकल्पाच्या खर्चात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. रोपाला किती फोटॉन लागतात ते आपण दशांशापर्यंत मोजतो. माणसाला किती अंधार लागतो, तेही मोजायला शिकू या.