सैल पडलेला पट्टा



आज मी तुम्हांला माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. मास्तर चुकतो का? चुकतो. आणि मास्तर चुकला की पैसे दुसऱ्याचे जातात, हे त्याहून वाईट.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. कर्ज काढून त्याने एक डिझेलची गाडी घेतली. पहाटे दूध, दुपारी भाजीपाला. घर त्या गाडीवर चाललेले. एकदा मेस्त्रीने तिच्या इंजिनाचा पट्टा बदलायला काढला. मेस्त्री म्हणाला, "टेन्शनर पण बदलू. हजार-दीड हजार जास्त लागतील." पोराने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "अरे, जुना फिरतोय की! कशाला उगाच खर्च?" त्याने माझे ऐकले. पुढे काय झाले ते ऐका.

आधी हा पट्टा कशासाठी असतो ते पाहू.

इंजिनात पिस्टन खाली-वर होतो. त्याच्या डोक्यावर हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडपे असतात. त्यांना मेस्त्री 'वॉल' म्हणतात. पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो तो क्रँक. वॉल उघडणारा वरचा दांडा तो कॅम. क्रँकचे २ फेरे होतात तेव्हा कॅमचा १ फेरा झाला पाहिजे. ना कमी, ना जास्त.

तुम्ही दोघी बायका एका उखळात कांडताना पाहिल्या असतील. एकीचे मुसळ वर, तेव्हा दुसरीचे खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ आपटते. इंजिनात तसेच आहे. वॉल खाली येतो तेव्हा पिस्टन खाली गेलेला असला पाहिजे. हा ताल राखतो तो टायमिंग बेल्ट, म्हणजे दाते असलेला रबरी पट्टा. असा पट्टा घातलेली मोटार प्रथम मोठ्या संख्येने तयार झाली ती जर्मनीत, १९६२ साली. तिचे नाव ग्लास १००४. आपल्या शेतातल्या डिझेल पंपात आणि बहुतेक ट्रॅक्टरांत पट्ट्याऐवजी दातेरी चक्रे असतात. काही मोटारींत साखळी असते.

पट्टा ताणलेला हवा. बाज सैल झाली की आपण तिची दोरी ओढून घेतो ना? इथे ते काम टेन्शनर करतो. ते एक लहान चाक. त्यात बेअरिंग असते. बेअरिंग झिजले की चाक डुगडुगते, पट्टा सैल पडतो आणि दाते सोडून पुढे सरकतो. ताल गेला!

आता त्या पोराची गोष्ट. चार दिवस इंजिनातून किर्र किर्र आवाज येत होता. तो म्हणे, "दुधाचा खाडा नको, रविवारी दाखवू." रविवार उजाडलाच नाही. शुक्रवारी पहाटे चढावर 'खड्' झाले आणि इंजिन बंद पडले. त्याने घाबरून चार वेळा सेल्फ मारला. ही दुसरी चूक. बिघडलेल्या तालावर इंजिन फिरवले की पिस्टन वॉलवर पुन्हा पुन्हा आदळतो.

मेस्त्री आला. त्याने विचारले, "सेल्फ मारताना आवाज कसा येत होता?" पोरगा म्हणाला, "नेहमीसारखा अडखळत नव्हता. नुसता भर्रकन फिरत होता." मेस्त्री म्हणाला, "म्हणजे आत दाब धरत नाही. आता चावीला हात लावू नको." त्याने बॅटरीची तार काढली.

वरचे झाकण उघडले. पट्टा तुटला नव्हता, पण सैल होता. काही दाते सोलून गेले होते. टेन्शनरचे चाक हाताने डुगडुगत होते. क्रँकची खूण जागेवर आणली, तर कॅमची खूण ३ दाते सरकलेली!

कोणी म्हणाले, "नवा पट्टा घाल आणि चालू कर." मेस्त्रीने मान हलवली. "आधी वॉल वाकलेत का ते पाहू."

त्याने जुना पट्टा काढला. क्रँक पान्याने पाव फेरा मागे फिरवला. त्यामुळे चारही पिस्टन मधोमध आले, वॉलपासून दूर. मग कॅम खुणेवर आणला, क्रँक परत जागेवर आणला आणि नवा पट्टा व नवा टेन्शनर बसवला. पुढे एकेका पिस्टनला दाबाच्या वेळी वर आणून, दोन्ही वॉल मिटलेले असताना, वरच्या भोकातून पंपाची हवा सोडली. आता कान द्यायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर धुराचा वॉल गळतो. हवेच्या फिल्टरकडून आली तर आत घेणारा वॉल. ऑइलच्या झाकणातून जोरात आली तर पिस्टनच्या रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचे गॅसकेट. चारही ठिकाणी दाब टिकला असता तर हेड उतरवायचे कारण नव्हते. आमच्या गाडीत दोन ठिकाणी सायलेन्सरमधून आणि एका ठिकाणी फिल्टरकडून हवा आली. हेड उतरवावे लागले.

वॉल वाकलेले होते. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे ठसे होते, पण तडा नव्हता. चारही पिस्टन वर सारख्याच उंचीवर येतात का, तेही मोजले. एखादा कमी आला असता, तर त्याचा दांडा वाकला असे समजायचे.

मग हेड लेथवाल्याकडे गेले. पृष्ठ सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर लावून पाहिले. वॉलच्या नळ्या आणि कॅम तपासला. नवे वॉल घासून बसवले. त्यांच्या पोकळीत रॉकेल ओतले. थेंबही झिरपला नाही. गॅसकेट जुन्याच जाडीचे घेतले. डिझेल गाडीत त्याच्या कडेला जाडीची खूण असते. बोल्ट नवे घेतले. ते मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, मापाच्या पान्याने आवळले. पट्ट्याबरोबर दुसरे चाक आणि पाण्याचा पंपही नवा घातला, कारण तो पंप त्याच पट्ट्यावर फिरत होता.

शेवटी इंजिन हाताने २ पुरे फेरे फिरवले. कुठे अडले नाही. खुणा पुन्हा जुळल्या. तेव्हाच चावी फिरवली. इंजिन लागले.

बारा दिवस गाडी उभी होती. दुधाचे गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. खर्च तीस हजारांवर गेला. मी वाचवून दिले होते दीड हजार!

मी त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाबा, माझा सल्ला तुला महागात पडला." तो म्हणाला, "गुरुजी, गाडीबरोबर एक पुस्तक मिळाले होते. मी ते उघडलेच नाही." आम्ही दोघांनी मिळून ते उघडले. पट्टा किती किलोमीटरवर आणि किती वर्षांनी बदलायचा, ते त्यात छापले होते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचे. टेन्शनर तपासायचे तेही लिहिले होते. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला चालत नाही.

तर मंडळी, तीन गोष्टी ध्यानात धरा. नवा आवाज आला की त्याच दिवशी दाखवा. इंजिन अचानक बंद पडून सेल्फ भर्रकन फिरला, तर पुन्हा सेल्फ मारू नका. आणि पट्टा बदलला की तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा.

तुम्ही आता वाचायला शिकलात, आकडे लिहायला शिकलात. ती वही गाडीतच ठेवा. त्या पोराने ठेवली आहे. पहिली ओळ त्याने माझ्याकडून लिहून घेतली. मी मुकाट्याने लिहिली.