शिवार शाळेत यावं

आज शाळेतल्या मुलांच्या खाण्याबद्दल बोलायचं आहे. पोटभर मिळतं का, वेळेवर मिळतं का, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण माझा विषय थोडा पुढचा आहे. आपल्या शिवारात काय पिकतं, ते कसं पिकतं, कोण पिकवतं आणि ते खाल्ल्यानं अंगाला काय मिळतं, हे मुलांना शाळेत शिकवलं जावं. आणि शिकवताना, मुलांच्या घरात याविषयी जे ज्ञान आधीपासून आहे, त्याला वर्गात मानाची जागा मिळावी.

गावाकडच्या शाळेतली मधली सुट्टी नीट बघा. जी मुलं घरून डबा आणतात, त्यांच्यात एखादी मुलगी डब्याचं झाकण अर्धंच उघडते. आत नाचणीची भाकरी असते, पावसाळा असेल तर कुर्डूची नाहीतर टाकळ्याची भाजी असते. शेजारच्या डब्यात पांढरी चपाती असते, किंवा दुकानातून आणलेला रंगीत पुडा. ती मुलगी भाकरीचा तुकडा हाताआड धरून खाते. ही लाज तिला घरानं दिलेली नसते. घरी आजी तीच भाकरी कौतुकानं वाढते. लाज येते ती बाहेरून, काळी भाकरी म्हणजे गरिबाचं अन्न, या आपल्याच बोलण्यातून. शाळेनं ती घालवायला हवी, आणि ते शाळेच्या हातात आहे.

कारण पुस्तक तर त्या मुलीच्याच बाजूचं आहे. परिसर अभ्यासात आहाराचा धडा असतो, कॅल्शियम हाडांना लागतं असं तिथं शिकवलं जातं. मग फळ्यावर एवढंच लिहा, की 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि पांढऱ्या तांदळात 10 मिलिग्रॅमच्या आसपास. हे आकडे वाचून दाखवा आणि विचारा, आपल्यापैकी कोणाच्या घरी नाचणी होते? त्या दिवशी ते झाकण पूर्ण उघडतं. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर साजरं केलं. जगानं ज्याचा सोहळा केला ते धान्य आपल्या डोंगरउतारावर पिकतं, हे त्या उतारावरच्याच मुलांना कळायला नको का?

अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे गाव तुम्ही ऐकलं असेल. राहीबाई पोपेरे तिथल्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी भात, वाल, घेवडा, भाजीपाला अशा गावरान वाणांचं बी जमवलं, जपलं, पेरून पुन्हा वाढवलं, इतर शेतकऱ्यांना दिलं. बायफ या संस्थेच्या साथीनं त्यांची बियाणे बँक उभी राहिली, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंचं कौतुक सगळे करतात. माझ्या मनात मात्र दुसराच विचार येतो. कमीजास्त प्रमाणात अशी जाणती बाई प्रत्येक गावात आहे, आणि तिची नात किंवा पणती आपल्याच शाळेत दुसऱ्या बाकावर बसलेली आहे. त्या घरातलं ज्ञान वर्गात आणायचं कसं?

एक उपाय मी अनेक शाळांत पाहिला आहे, फार सोपा आहे. मुलांना सांगायचं, उद्या घरून मूठभर बी घेऊन या, आणि ते घरी कसं ठेवलेलं होतं ते विचारून या. दुसऱ्या दिवशी वर्गात काय काय येतं! कुणी राखेत घोळवलेला वाल आणतो. कुणाकडे कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली तूर असते. कुणी चुलीच्या वर, धुरात टांगलेलं मक्याचं कणीसच उचलून आणतो. एक मुलगा भोपळ्याच्या बिया आणतो आणि सांगतो, त्या भिंतीला शेणात थापून ठेवलेल्या होत्या. राख का, धूर कशाला, पाला कशासाठी? किडीला राखेत नीट हालचाल करता येत नाही, धुरामुळे दाणा कोरडा राहतो, कडुनिंबाच्या वासाला कीड टिकत नाही. घरची एकेक सवय विज्ञानाला येऊन मिळते. मग मुलं बियांचा आकार, रंग, वजन पाहतात. शंभर दाणे वरईचे आणि शंभर दाणे वालाचे तराजूत टाकले की वजनाचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही. आणि कुणाचा वाल खरा, कुणाचा पावटा, यावर जे भांडण होतं, ते मिटवायला दुसऱ्या दिवशी एखादी आजी स्वतः शाळेत येते.

ती आजी शाळेत यायलाच हवी. रानभाज्यांच्या बाबतीत तर तिच्याशिवाय पाऊलही टाकू नये. पावसाच्या सुरुवातीला शेवळं येतात. चवीला उत्तम, पण नीट केली नाहीत तर घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून शेवळात काकडं नावाची आंबट फळं घालतात, किंवा चिंच घालतात, आणि भाजी चांगली शिजवतात. आजीला ऑक्झलेट ठाऊक नाही, पण शेवळ्याचा कोणता भाग काढून टाकायचा, काकडं किती घालायची, हे ती डोळे झाकून सांगेल. गुरुजींना ऑक्झलेट ठाऊक असतं, शेवळं सोलता येत नाहीत. दोघंही एका वर्गात उभे राहिले की धडा पुरा होतो. मुलांनी मात्र परस्पर रानात जाऊन ओळख पटल्याशिवाय काही खुडू नये, हेही त्याच वेळी बजावून सांगावं. सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींत विषारीही असतात.

आता शाळेच्या ताटाकडे येऊ. शाळेतल्या आहाराची देशव्यापी योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. तेव्हा बऱ्याच ठिकाणी मुलांना कोरडं धान्य मिळे. सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये आदेश दिला आणि शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं. आज तिला पीएम पोषण म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. तांदूळ सरकारी गोदामातून येतो. भाजीचा प्रश्न शाळेला रोज गाठतो.

हे 50 ग्रॅम मुलांसमोर मांडावेत. साठ मुलांची शाळा असेल तर दिवसाला तीन किलो भाजी. दोनशे दिवस शाळा भरली तर 600 किलो. एवढी भाजी कुठून येते? आठवडी बाजारातून? बाजारात ती कुठून येते? आपल्या गावात टोमॅटो, कोथिंबीर होत असताना ती तालुक्याला जाऊन व्यापाऱ्याकडून पुन्हा आपल्याकडे का येते? हा गुणाकार चौथीतल्या मुलाला जमतो, आणि त्यातून निघणारे प्रश्न ग्रामसभेत मोठ्यांनी विचारावेत असे आहेत. काही गावांत पालकच हंगामात भाजी आणून देतात. योजनेत तिथी भोजनाची सोयही आहे. घरी काही शुभकार्य असलं की शाळेला गोडधोड देण्याची ही पद्धत. तिला मी एक जोड सुचवेन. ज्याच्या शेतात वांगी निघाली त्यानं एक दिवस वांगी द्यावीत, आणि ती लावल्यापासून तोडेपर्यंत काय काय करावं लागलं ते पंधरा मिनिटं मुलांना सांगावं.

शाळेच्या परसबागेबद्दल खूप बोललं जातं. केंद्र सरकारनं 2019 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परसबाग असावीच, पण तिच्याकडून नको ती अपेक्षा नको. दोनचार वाफ्यांतून 600 किलो भाजी निघत नाही. परसबाग शिकण्यासाठी आहे. मेथी पेरली की महिन्याभरात ताटात येते, एवढा वेळ लहान मुलाचा धीर टिकतो. हात धुतलेलं पाणी एका चरातून वाफ्याकडे वळवलं तर रोज किती लिटर पाणी वाया जात होतं हे मुलं बादलीनं मोजतात. कुंपणाला शेवगा लावावा, बोअरजवळ कढीपत्ता लावावा, कारण मे महिन्याच्या सुट्टीत वाफे सुकतात, झाडं तग धरतात. नुसता फोटो काढण्यापुरता केलेला वाफा सप्टेंबरात गवतानं भरतो, आणि मुलांना त्यातून कळतं ते एवढंच की मोठी माणसं या कामाकडे मनापासून बघत नाहीत.

कोरडवाहू भागात तर वाफ्याचीही वाट पाहायची गरज नाही, शिवारच वर्ग आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि रब्बीची मालदांडी त्या ओलीवर वाढते. शाळेशेजारच्या रानात हे पीक पोटऱ्यात येतं, निसवतं, फुलोऱ्यात येतं, दाणा दुधात येतो. दाणा दुधात आहे की हुरड्यात, हे मुलं नखानं दाबून सांगतात. दूध निघालं तर अजून वेळ आहे, दाणा मऊ पण भरलेला लागला तर हुरडा झाला, नख रुतलंच नाही तर आठवडाभर उशीर झाला. या नखाच्या दाबात विज्ञान आहे, कारण दाणा पक्व होताना त्यातल्या साखरेचं पिष्ट होत जातं आणि म्हणून हुरडा गोड लागतो, वाळलेली ज्वारी लागत नाही. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचं. त्या दिवशी मुलांना आणखी एक गोष्ट विचारावी, दाणे आपण खातो, मग ताटाचं काय होतं? शेतकऱ्याची मुलं लगेच सांगतात, कडबा. जनावराच्या तोंडी काय पडणार यावरही शेतकरी ज्वारी लावायची की नाही ते ठरवतो, हे सांगायला त्या वर्गात त्यांच्याइतकं जाणतं दुसरं कुणी नसतं.

शहरातल्या शाळांना वाटेल, हे सगळं गावाचं झालं. मुंबईत वरळी, वर्सोवा, माहीम इथले कोळीवाडे शाळांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांच्या विणीचाही तोच काळ. या दोन महिन्यांत घरात काय शिजतं, सुके बोंबील आणि जवळा कधी, कसे वाळवले जातात, हे एखाद्या मावशीनं वर्गात येऊन सांगितलं तर मासे न खाणाऱ्या घरातल्या मुलालाही आपलं शहर कळेल. वसईची केळी आणि भाजी, अलिबागचा पांढरा कांदा हेही मुंबईकराचं जवळचंच अन्न आहे.

हे विचार काही नवे नाहीत. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिथं गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला, आणि सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेतात आणि स्वयंपाकघरात काम करत शिकतात. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि शेती, आहार, आरोग्य हे विषय हातानं करून शिकण्याचा अभ्यासक्रम उभा केला. म्हणजे वाट आपल्याच माणसांनी करून ठेवली आहे.

शिक्षक म्हणतील, आम्हाला आधीच किती कामं आहेत. खरं आहे. माहितीचे तक्ते भरण्यात त्यांचा दिवस जातो. म्हणून मी नवा विषय मागत नाही, नवी वही मागत नाही. वजनमापं, नकाशा, पाणी, ऋतू, अन्नघटक हे धडे पुस्तकात आहेतच. उदाहरण तेवढं गावचं घ्या. आणि या कामात शिक्षकाला सोबत देणारी एक व्यक्ती रोज शाळेतच असते, तिच्याकडे आपलं लक्ष नसतं. ती म्हणजे खिचडी शिजवणारी ताई. तुटपुंज्या मानधनावर ती साठ-सत्तर मुलांचं रोज रांधते. कोणती भाजी मुलं ताटात टाकून देतात आणि कोणती पुन्हा मागतात, डाळ गावची असली की किती वेळात शिजते, शेवग्याचा पाला वरणात टाकला तर कुणाच्या लक्षात येतं आणि कुणाच्या नाही, हे सगळं तिला ठाऊक आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आठवड्यातली एक तासिका वेळापत्रकात तिच्या नावानं लिहावी. फळ्याजवळ तिला खुर्ची द्यावी, त्या तासाचं मानधन वेगळं द्यावं, आणि मुलांनी प्रश्न विचारायचे ते तिला विचारावेत.