केशभूषा आणि टोप : रंगमंच व चित्रपट



भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. वस्त्रे, अलंकार, रंग आणि केश यांचा समावेश आहार्यात होतो. मुनींना जटा, विदूषकाला टक्कल, आभीर तरुणींना दोन वेण्या असे तपशीलही त्या ग्रंथात आहेत. पात्राचे वय, प्रांत व सामाजिक स्थान प्रेक्षकाला केसांवरून कळावे, हा त्यामागील हेतू होय.

मराठी रंगभूमीला या विद्येची विशेष गरज भासली, कारण तेथे दीर्घकाळ स्त्रीभूमिका पुरुषच करीत. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. बालगंधर्वांच्या वेशाचे व केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करीत असत. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटातील तारामतीही अण्णा साळुंके या पुरुषानेच रंगविली. पुढे अभिनेत्री आल्या, तरी टोपाची गरज संपली नाही. पेशवाईतील शेंडी आणि घेरा, केशवपन झालेल्या विधवेचे मस्तक, उतारवयातील विरळ पांढरे केस ही रूपे प्रत्येक प्रयोगासाठी नटाच्या स्वतःच्या केसांतून साधणे शक्य नसते.

चांगला टोप तयार होण्यास चिकाटी लागते. प्रथम मस्तकाचे माप घेऊन त्याबरहुकूम जाळी शिवतात. मग बारीक आकडीने जाळीच्या छिद्रांतून थोडेथोडे केस ओढून गाठी मारल्या जातात. कपाळालगत एकेक केस गुंफावा लागतो, कारण खोटेपणा उघडा पडतो तो तेथेच. नाट्यगृहात प्रेक्षक दूर असतो. तेथे थोडा ठोकळपणा खपून जातो. कॅमेरा मात्र कपाळाजवळ येतो आणि जाळीची कडही टिपतो. म्हणून चित्रपटाच्या टोपाला अधिक तलम जाळी आणि अधिक वेळ लागतो. शिवाय एकच प्रसंग अनेक दिवस चित्रित होत असल्याने केसांची प्रत्येक बट पूर्ववत बसविणे हेही केशभूषाकाराचेच काम असते.

दिल्लीतील हौशी मंडळींना सरोजिनी नगरच्या बाजारात पुष्कळ भूमिकांचे कपडे स्वस्तात जुळवता येतात. केसांचे तसे नाही. कपडा थोडा सैल असला तरी चालतो. टोप मात्र त्या मस्तकासाठीच घडवावा लागतो.

या व्यवसायात न्यायाचा प्रश्नही उभा राहिला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अनेक दशके रंगभूषाकार म्हणून पुरुषांनाच ओळखपत्र मिळे. स्त्रियांना केवळ केशभूषेचे काम करण्याची मुभा होती. रंगभूषेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या स्त्रीलाही संघटना सदस्यत्व नाकारीत असे. चारू खुराना विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2014 रोजी हा भेद घटनाविरोधी ठरविला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असले पाहिजे, ही अटही त्याच निकालाने रद्द झाली.

त्या निकालाने रंगभूषेचे दार उघडले. परंतु केशभूषा ही दुय्यम आणि म्हणून बायकांकडे सोपवायची गोष्ट आहे, ही समजूत न्यायालयाच्या निकालाने आपोआप जात नाही. ऑस्कर पुरस्कारातही रंगभूषेच्या विभागाच्या नावात केशभूषेचा उल्लेख 2012 सालच्या चित्रपटांपासूनच होऊ लागला. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी आणि तरुणींनी कात्री व आकडी यांबरोबर इतिहास, जुनी चित्रे व छायाचित्रे यांचा अभ्यास करावा. प्रेक्षकाला टोप दिसू नये, पात्र दिसावे, हीच या कलेची कसोटी होय.