संशोधन ही विद्यापीठांची मिरास नव्हे

(उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



संशोधन हे प्राध्यापकांचे काम, आपणांस त्याचे काय, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. तो टाकून द्यावा, हे सांगण्यासाठी मी उभा आहे. चांगदेव खैरमोडे यांनी सचिवालयातील नोकरी सांभाळून बाबासाहेबांच्या चरित्राची साधने जमविली. पहिला खंड १९५२ साली निघाला. सरकारी नोकरीत असलेल्या ऊर्मिला पवार आणि त्यांच्या सहकारी मीनाक्षी मून यांनी चळवळीतील वृद्ध स्त्रियांना गाठून मुलाखती घेतल्या व १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. विद्यापीठ हे काम करील म्हणून या दोघी थांबल्या असत्या, तर कित्येक भगिनींचे कार्य त्यांच्याबरोबरच चितेवर गेले असते.

धम्मदीक्षा घेतल्यावर आपण देव्हारा घराबाहेर काढतो, ते योग्यच आहे. परंतु त्याच आवेशात जुन्या जातीचा उल्लेख असलेले कागदही रद्दीत टाकणे हा अविचार होय. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या. तथापि महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ अन्वये दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदाराच्याच शिरावर आहे. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्माची नोंद, वतनाचा एखादा कागद हाती नसेल, तर नातवाचा हक्क अडतो. कागद जपणे म्हणजे जात जपणे नव्हे. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा जपणे होय.

आता रीत सांगतो. वृद्धांची हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहा. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख नोंदवा. त्यांनी स्वतः पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते, हे वेगळे ठेवा. दोघांच्या सांगण्यात विसंगती आढळल्यास ती झाकू नका. केवळ परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांस बजावले. तो नियम आपल्या लाडक्या आठवणींनाही लागू आहे. आपण फुगवून सांगितलेली एक गोष्ट आपल्या दहा खऱ्या गोष्टींवर संशय आणते.

घरी गेल्यावर आधी ट्रंक उघडा, आणि मग आजीजवळ वही घेऊन बसा. ट्रंकेतील कागद उद्याही राहतील. आजी राहीलच असे नाही.

जयभीम.