खर्जाची तार कां बिघडते?

वाद्यवृंदांतील खर्जाची गिटार, म्हणजे बास गिटार, ऐकणाऱ्याच्या लक्षांत सहसा येत नाहीं. पण ती बेसूर झाली कीं गाणाऱ्याचा गळाहि बेसूर वाटूं लागतो. नवशिका वादक अशा वेळीं खुंट्या पिळीत बसतो आणि अखेर आपला कानच कच्चा, असें समजून निराश होतो. वास्तविक दोष कानाचा नसून पुष्कळदां घोडीचा असतो. तो कसा ओळखावा, हें आज पाहूं.

सतारीचे पडदे सरकवितां येतात. गिटारीचे मात्र दांडींत कायमचे बसविलेले असतात. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं पडद्यांची विजेची बास गिटार विक्रीस आणली. तिचें ‘प्रिसिजन’, म्हणजे ‘अचूकता’, हें नांव या पडद्यांवरूनच पडलें. तारेची लांबी ३४ इंच, बारावा पडदा १७ इंचांवर. तेथें अर्धी तार वाजते. म्हणून वरच्या सप्तकांतील तोच स्वर निघावा. परंतु दाबतांना तार किंचित् ताणली जाते व स्वर चढतो. जाड तारेचा ताठरपणा त्यांत भर घालतो. यासाठीं घोडीवरील तारेचा टेकू थोडा मागें घ्यावा लागतो. फेंडरच्या पहिल्या गिटारींत चार तारांना मिळून दोनच टेकू होते. जोडींतील एक तार जुळली कीं दुसरी बिघडे. १९५७ सालीं प्रत्येक तारेस स्वतंत्र टेकू मिळाला.

परीक्षा सोपी आहे. तारा नव्या असाव्यात. दांडीचा बाक व तारांची उंची आधींच ठरलेली असावी. प्रथम मोकळी तार मिळवावी. मग बाराव्या पडद्यावर बोट नुसतें टेकवून तार छेडावी व बोट लगेच उचलावें. घंटेसारखा स्वच्छ स्वर निघेल. आतां तेथेंच तार नेहमीच्या दाबानें दाबून वाजवावी. दुसरा स्वर चढा असेल, तर टेकू मागें सरकवावा. उतरा असेल, तर पुढें आणावा. प्रत्येक वेळीं तार पुन्हा मिळवावी. हें विसरणारा रात्रभर स्क्रूच फिरवीत बसेल.

इतकें करूनहि खालच्या एकदोन पडद्यांवर थोडा फरक राहतो. तो बोटानेंच सांभाळावयाचा. पण स्वतःच्या कानावर रागावण्यापूर्वीं एकदां घोडी अवश्य तपासावी. बिचारा कान खरें तेंच सांगत असतो!